डबा तसाच राहू द्या, क्लबला मात्र जा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ६२ वर्षांच्या, मूळच्या मिरजेच्या. सासऱ्यांनी सुरू केलेलं शिलाईचं दुकान पुढे यजमानांनी चालवलं. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, दुकानाची जागा विकली, आणि त्या लेकीकडे पेनसिल्व्हेनियात राहायला आल्या. येताना दुकानातला बटणांचा पत्र्याचा डबा सोबत आणला. अलीकडे गावच्या वाचनालयात त्यांना काचेच्या कपाटात मांडलेली जुनी बटणं दिसली. तिथल्या बटण-संग्राहकांच्या क्लबनं ती मांडली होती. एका सभासद बाईंनी पत्रक देऊन बैठकीला बोलावलं. बैठक महिन्यातून एकदा, शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये असते. लेक म्हणते, त्यापेक्षा मंडळाच्या भजनाला ये, डबा उपसत बसू नकोस. जावई म्हणतात, डब्यातलं रेल्वेचं पितळी बटण विकू या, चांगले डॉलर येतील. पत्रलेखिकेला वाटतं, आपल्याकडे संग्रह असा नाहीच, शिंप्याच्या दुकानातलं उरलंसुरलं आहे. इंग्रजी मोडकंतोडकं. शिवाय तिथं बटणं पुठ्ठ्यावर लावून स्पर्धा करतात, म्हणजे यजमानांचा डबा मोडावा लागणार. ‘जाऊ की नको?’ असं त्या विचारतात.

ताई,

जा. नको म्हणण्यासाठी तुम्ही जी कारणं दिली आहेत, ती एकेक करून बघू या, कारण त्यातली बरीचशी तुम्ही स्वतःच गृहीत धरलेली आहेत.

सगळ्यात आधी डबा. क्लबात जायचं म्हणजे डबा न्यायचा आणि नेला की तो मोडायचा, असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्या पत्रकात तरी तसं लिहिलेलं नसणार. यजमानांचा डबा ही आठवण आहे. संग्रह ही नव्यानं, निवडून, हौसेनं जमवायची गोष्ट. आठवणीत एकसारखी दहा पांढरी बटणं असली तर ती दहाच्या दहा राहतात, कारण ती त्यांच्या हातची आहेत. संग्राहक मात्र त्यातलं सगळ्यात चांगलं एक ठेवतो आणि नऊ वाटून टाकतो. तुम्ही घाबरलात ते या दोन गोष्टी एक समजून.

तेव्हा एखाद्या दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घाला आणि डबा एकदाच नीट बघा. आधी झाकण उघडल्याबरोबर दिसतो तसाच फोटो, मग थोडं काढून फोटो, मग तळाचा. एका वहीत आठवेल ते लिहा: ही कोणाच्या कोटाची, ही कुठल्या शाळेच्या गणवेशाची, ही बँडवाल्यांची. हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. त्यानंतर डबा कपाटात. संग्रहासाठी नवा, रिकामा डबा घ्या. जुन्यातून काही काढायचंच झालं तर जी बटणं ग्रोसनं (बारा-बारा डझनांनी) आणलेली होती आणि अजून मूठभर शिल्लक आहेत तेवढीच काढा, आणि तीही मनात असेल तर.

एक अपवाद मात्र करावा लागेल, आणि तो भावनेचा विषय नाही. डब्यात सेल्युलॉइडची बटणं असतील तर ती बाहेर काढायलाच हवीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पदार्थाची पुष्कळ बटणं निघाली. वजनाला अगदी हलकी, कधी हस्तिदंतासारखी, कधी कासवाच्या पाठीसारखी दिसणारी. ओळखायची खूण तुम्हाला सोपी जाईल. बटण अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि लगेच हुंगा. कापराचा वास आला तर ते बहुधा सेल्युलॉइड, कारण ते करताना कापूर घालत. हा पदार्थ चटकन पेट घेतो, आणि जुना झाला की स्वतःहून सडत जातो: आधी घाम आल्यासारखा चिकट होतो, मग चिरा पडतात, आंबूस वाफ सुटते. त्या वाफेनं शेजारच्या धातूला गंज चढतो. बंद पत्र्याच्या डब्यात पितळी बटणांच्या जोडीला ती ठेवणं म्हणजे दोन्ही घालवणं. वेगळी काढा, कागदाच्या पुडीत सैल ठेवा, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत नको, गॅसजवळ तर मुळीच नको. त्यांचा फोटो आणि वहीतली नोंद डब्याच्या नावावरच राहील.

बाकीची ओळख तुम्ही हातानंच कराल. शिंपल्याचं बटण गालाला लावलं की गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. त्याची मागची बाजू बघा, कधी कधी शिंपल्याचा खरबरीत तपकिरी पापुद्रा तसाच राहिलेला असतो. काचेचं बटण दातावर हळूच टेकवलं की किणकिणतं. हाडाच्या बटणावर बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. लोखंड आहे की पितळ, हे फ्रिजवरचं लोहचुंबक सांगेल. कोणी सुई तापवून बटणात टोचून बघा म्हणालं तर ऐकू नका. त्यानं बटण खराब होतं आणि ते सेल्युलॉइडचं निघालं तर पेट घेईल. धुवायलाही जाऊ नका. दुधातल्या केसिनपासून केलेली बटणं पाणी पितात आणि फुगतात, पोलादाची गंजतात. मऊ कोरडं फडकं पुरे.

आता तो क्लब. अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संस्था, नॅशनल बटन सोसायटी, १९३८ सालापासून आहे. महामंदीचं दशक होतं ते. लोकांच्या हातात पैसा नव्हता, पण घरोघरी आजीच्या शिवणाच्या पेटीत बटणं होती. म्हणजे जो छंद तुम्हाला ‘आपल्यासारख्यांचा नव्हे’ असं वाटतंय, तो उरल्यासुरल्यातूनच उभा राहिलाय. पुढे राज्याराज्यांच्या संस्था झाल्या आणि गावोगावी तुमच्या वाचनालयात दिसला तसे छोटे क्लब. बैठकीत साधारणपणे एखाद्या प्रकारावर कोणीतरी बोलतं, मग टेबलाभोवती बसून बटणं बघणं, अदलाबदल, चहाकॉफी. एक ‘पोक बॉक्स’ नावाची मजा असते, म्हणजे स्वस्त बटणांचं खोकं. त्यात हात घालून उकरत बसायचं आणि आवडेल ते नाण्यांच्या भावात घ्यायचं. तुळशीबागेत तासभर उभं राहून पाच रुपयांची पिन घेणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

स्पर्धा असतात, खरं आहे. ९ बाय १२ इंचांच्या पुठ्ठ्यावर विषयानुसार बटणं लावायची, आणि पंच ती नियमाला धरून तपासतात. १९१८ च्या आधीचं जुनं, नंतरचं आधुनिक, अशी ढोबळ विभागणी आहे. मला स्वतःला हे थोडं शाळेच्या हस्तकला प्रदर्शनासारखं वाटतं, पण त्यातून लोक बारकाईनं बघायला शिकतात हेही कबूल. सक्ती कोणालाच नसते. कितीतरी सभासद आयुष्यभर एकही पुठ्ठा स्पर्धेला पाठवत नाहीत. आणि पुठ्ठ्यावर बटण चिकटवत नाहीत, भोक पाडून मागून प्लास्टिक चढवलेल्या तारेनं अडकवतात. कधीही काढता येतं, बटणाला काही होत नाही.

त्यांचे आकाराचे नियम ऐका, कारण इथं तुम्ही त्यांच्या पुढे असाल. पाऊण इंचापर्यंतचं बटण लहान, सव्वा इंचापर्यंतचं मध्यम, त्याहून मोठं ते मोठं. आणि तीन सुतांहून, म्हणजे इंचाच्या तीन-अष्टमांशाहून, कमी असेल तर अतिलहान. आता हे दुकानातल्या हिशेबात घाला. लाईन हे बटणाच्या रुंदीचं माप, ४० लाईन म्हणजे एक इंच. तेव्हा शर्टाचं १८ लाईनचं बटण त्यांच्या ‘लहान’मध्ये, कोटाच्या बाहीचं २४ चंही लहानच, आणि कोटाचं पुढचं ३२ चं ‘मध्यम’मध्ये जातं. बाळाच्या झबल्याचं १४ चं तर अतिलहान. नवीन सभासद यासाठी मापपट्टी घेऊन बसतात. तुम्ही बटण नुसतं चिमटीत धरून लाईन सांगाल.

यावरून मला तुमच्या पत्रातली ती ओळ आठवते, जी तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात: ‘दुकान त्यांचं, मी फक्त घरी काजं-बटण करत असे.’ ‘फक्त’ हा शब्द खोडा. तीस वर्षं हातानं काजं केलेल्या बाईला बटणाबद्दल जे माहीत असतं, ते बटणं नुसती जमवणाऱ्यांना माहीत असेलच असं नाही. जाड कापडावर बटण शिवताना मध्ये आगकाडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन गळा करायचा, म्हणजे काजं न ओढता बटण बसतं. कडीचं बटण असेल तर हा गळा लागत नाही. हे तुम्हाला न विचारता हात सांगतो. त्या टेबलावरच्या अनेकींनी बटण कपड्यावरून सुटल्यानंतरच पाहिलंय. तुम्ही सुई, दोरा आणि कापडाचा एक तुकडा घेऊन गेलात आणि एक काजं करून दाखवलंत, तर त्या दिवशी भाषेची अडचण कोणालाच येणार नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर सुरुवातीला मोजके शब्द पुरतात. मागच्या कडीला त्या शँक म्हणतात, भोकांच्या बटणाला सो-थ्रू, मागे कोरलेल्या कारखान्याच्या नावाला बॅकमार्क. बाकी बोट दाखवून चालतं. वाक्यं तयार करून जाऊ नका. तयार केलेलं वाक्य अडलं की माणूस गप्पच बसतो.

चर्चच्या हॉलची धास्ती तर सोडूनच द्या. तिथं असे हॉल गावातल्या सगळ्या प्रकारच्या मंडळांना मिळतात. आपल्या लोकांच्या दिवाळ्यासुद्धा शाळांच्या आणि चर्चच्या हॉलमध्ये होतात.

जावयांच्या सूचनेला मी हसणार नाही, पण घाई करू देणार नाही. तुम्ही लिहिलंय की बटणावर एम, एस, एम अशी अक्षरं आहेत आणि सासरे रेल्वेच्या गार्डांचे कोट शिवत. मग ते मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचं असण्याची दाट शक्यता आहे. ही कंपनी १९०८ मध्ये झाली, मिरज तिच्या मार्गावर होतं, आणि १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली. म्हणजे अक्षरं खरंच तीच असतील तर बटणाचं वय त्या त्रेचाळीस वर्षांत कुठंतरी बसतं. ते उलटं करून भिंगानं कडीभोवती बघा. त्या काळची गणवेशाची बटणं बरीचशी विलायतेहून येत, आणि मागे बनवणाऱ्याचं नाव आणि लंडन किंवा बर्मिंगहॅम असं गाव कोरलेलं असे. ते सापडलं तर वहीत उतरवून ठेवा. ब्रासोनं चकचकीत मात्र करू नका, तो काळसरपणा संग्राहकांना हवा असतो आणि घासताना अक्षरंही झिजतात. राहिले डॉलर. जुन्या बटणांपैकी फार थोड्यांना मोठी किंमत येते. बाकीची एखाद्या कॉफीच्या भावात जातात. वर्षभर क्लबात बसून चार जाणकारांना दाखवल्यावरही विकावंसं वाटलं तर विका. पण सासऱ्यांनी शिवलेल्या कोटाचं ते एकच बटण घरात असेल, तर एका कॉफीसाठी ते देण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

लेकीबद्दल थोडं. तिची काळजी खोटी नाही. वडील गेल्यावर आई डबा घेऊन तासन्‌तास एकटी बसलेली दिसली तर कोणतीही मुलगी घाबरेल. पण दुःखात बुडालेलं माणूस वाचनालयातल्या काचेच्या कपाटापुढे थांबत नाही, अनोळखी बाईशी बोलत नाही, पत्रक जपून आणत नाही. तुम्ही हे तिन्ही केलंत. तिला हे माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल. आणि भजन की बटणं, हा वाद कशाला? बैठक महिन्यातून एकदा आहे, उरलेले शनिवार मंडळाचेच. उलट मंडळातही विचारून बघा. एखादीच्या कपाटात लग्नात जावयाला दिलेली साखळीची सोन्याची नाहीतर चांदीची बटणं असतील, एखादीकडे सासऱ्यांच्या शेरवानीची. ती मागू नका, फक्त फोटो आणि माहिती वहीत घ्या. त्या अमेरिकन बायकांना साखळीनं जोडलेली, काढून दुसऱ्या सदऱ्याला लावता येणारी बटणं दाखवलीत तर पुढच्या महिन्याचा विषय ठरला म्हणून समजा.

त्याही तुम्हाला काही दाखवतील. आयोवातल्या मस्कटीन गावाची शिंपल्याची बटणं बघायला मागा. १८९१ मध्ये योहान बोपले नावाच्या जर्मन कारागिरानं तिथं मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं कापायला सुरुवात केली, आणि पंधरा-वीस वर्षांत ते गाव जगाची बटण-राजधानी म्हणवू लागलं. मग नदीतले शिंपले संपत आले, पुढे प्लास्टिक आलं. चकत्या कापून घेतलेले भोकाभोकांचे शिंपलेही संग्राहक जपून ठेवतात. तो शिंपला हातात घेतल्यावर कळतं की एका शर्टाच्या पट्टीसाठी किती नदी लागत होती.

हा छंद असलेले वाचक इथं, महाराष्ट्रातही असणार, म्हणून त्यांच्यासाठी चार शब्द. फक्त बटणांचा क्लब जवळ नसेल तर नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळात जा. ते सुरुवातीला भुवया उंचावतील, पण संस्थानांचं, रेल्वेचं किंवा पलटणीचं बटण काढून दाखवलंत की जागा करून देतील. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ब्रिटिश बटन सोसायटी आहे, तिच्याशी इथूनही संपर्क ठेवता येतो. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार या जागा आहेतच, पण त्याआधी आपल्या भागातल्या बंद होत आलेल्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसा. जी बटणं तिथं खोक्यात पडून आहेत, त्यांची हकीकत सांगणारा माणूस अजून समोर आहे. आणि रोजच्या वापरातल्या वस्तू जमवण्याला कोणी खुळचटपणा म्हणालं तर त्याला पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात घेऊन जा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या असंच एकेक जमवत ते उभं केलं.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाच्या वस्तूंची खरेदी-विक्री भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, तेव्हा विकणारा ‘अस्सल हस्तिदंत’ म्हणाला की तिथून निघा. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करताना आपलं बटण केव्हाचं आहे हे आधी बघा. सैन्याच्या, पोलिसांच्या सध्याच्या गणवेशाची बटणं तर घेऊच नका, नसती चौकशी मागे लागायची.

ताई, पहिल्या बैठकीला डबा घरीच ठेवा. पर्समध्ये भिंग, शिवणाची टेप, सुईदोरा आणि पोक बॉक्ससाठी थोडी सुट्टी नाणी एवढंच न्या. कोणी तुमच्या बटणांबद्दल विचारलं तर फोनवरचे फोटो दाखवा. अदलाबदल करता का, असं विचारलं तर सरळ नाही म्हणा, वाईट कोणी वाटून घेत नाही. वर्षाची वर्गणी लगेच भरू नका, दोन-तीन वेळा पाहुणी म्हणून जाता येतं का ते विचारा. त्या बायका आवडल्या नाहीत, त्यांचं सगळं लक्ष बक्षिसांवरच आहे असं दिसलं, तर तिसऱ्या महिन्यापासून जाऊ नका. क्लब सोडला तरी वही आणि नवा डबा तुमचाच राहतो.

राहता राहिला गाडीचा प्रश्न. तो तुम्ही लिहिला नाहीत, पण मला दिसतोय. दर महिन्याला लेकीचा शनिवार मागत बसलात तर चौथ्या महिन्यात तुम्हीच संकोचानं जाणं बंद कराल. पहिल्यांदा तिला सोडू दे आणि तासभर आत बसवा, म्हणजे तिचीही शंका फिटेल. त्याच दिवशी, तुमच्या बाजूनं येणारी कोणी आहे का, हे तिलाच विचारायला लावा.